खिडकीजवळची कपाटं

त्यांना सगळे कॅटलॉगकाका म्हणत, आणि ते नाव त्यांना स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडायचं. एखादा वाचक काउंटरशी येऊन "ते निळ्या मुखपृष्ठाचं, समुद्रावरचं, लेखक काही आठवत नाही बघा" एवढंच म्हणाला, तरी काका कॉम्प्युटरकडे ढुंकूनही न बघता आत जायचे आणि नेमकं तेच पुस्तक घेऊन बाहेर यायचे. येताना चालीत जरा ऐट असायची. उभा जन्म एका वाचनालयात घालवल्यावर एवढी ऐट कुणालाही शोभावी.

त्यामुळे वर्गीकरण आणि तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांना आकडे देऊन त्यांच्या नोंदी करणं, हे शिकवायला बाहेरून एक बाई येणार, असं ग्रंथपालसाहेबांनी सांगितलं तेव्हा काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कुठलं पुस्तक कुठं आहे, हे आता मला शिकवणार का कुणी?"

"सगळ्यांनाच शिकायचंय, काका," साहेब म्हणाले. "तपासणीत इतकी पुस्तकं बेपत्ता निघालीत. वरून विचारणा झालीय."

या बेपत्ता पुस्तकांचं खापर फुटलं होतं काउंटरवालीच्या डोक्यावर. ती कंत्राटावर लागलेली, एकट्याने मुलगी वाढवणारी बाई. परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची ती आणि काका, दोघं मिळून. पुस्तकं गायब व्हायला लागली ती आल्यानंतर. मग संशय कुणावर जाणार? काकांवर संशय घ्यायचा म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाला खोटं म्हणण्यासारखंच होतं. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की प्रशिक्षण संपेपर्यंत पुस्तकं सापडली नाहीत, तर तिचं कंत्राट पुढे वाढणार नाही. ती बिचारी मान खाली घालून ऐकत राहिली.

"धांदरट आहे पोरगी," काका घरी बायकोला म्हणाले. "पण वाईट वाटतं गं तिचं."

बायको भाजी निवडत राहिली. अलीकडे ती जरा कमीच बोलायची. काही दिवसांपूर्वी तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: साखर, मीठ, चहा, डाळ. ते बघून काका उखडलेच होते.

"मी काय या घरात पाहुणा आहे?"

"अहो, माझ्यासाठी लावल्यात. माझे डोळे अधू झालेत आता," ती म्हणाली होती, आणि चष्मा न लावता सुईत दोरा ओवत बसली होती.

प्रशिक्षणाच्या बाई अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांची खोड मोडली. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीतला आकडा म्हणजे त्याचा विषय आणि त्याची जागा, हे सांगून त्यांनी दोन पुस्तकं काकांच्या हातात दिली. एकावर ६४१.५, दुसऱ्यावर ६४१.३५. "आधी कुठलं लावाल?"

"पाच लहान, पस्तीस मोठे. आधी पाचवालं."

"चुकलं, काका. बिंदूनंतरचे आकडे एकेक करून वाचायचे. तीन आधी, पाच नंतर."

वर्गात खसखस पिकली. काउंटरवाली मात्र हसली नाही. ती खाली मान घालून भराभर लिहून घेत होती, जणू त्या आकड्यांवर तिचा जीव टांगलेला होता. आणि तो होताच. काकांनी वही उघडलीसुद्धा नाही. आकडे विसराळू माणसांसाठी असतात, असं ते शेजारच्याच्या कानात म्हणाले.

शेवटून दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना दालनात नेलं. प्रत्येकाला एकेक भिंत वाटून दिली. चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे वाचत जायचं, आणि जे पुस्तक ओळीत बसत नाही ते काढून टेबलावर ठेवायचं. तपासणीच्या वेळी पुस्तक जिथे असायला हवं त्याच कपाटात सगळ्यांनी पाहिलं होतं, दुसरीकडे कुणी डोकावलंच नव्हतं.

काउंटरवालीच्या वाट्याला खिडकीजवळची कायद्याची कपाटं आली. थोड्याच वेळात ती ओरडली, "मॅडम, सापडलं!"

तिच्या हातात कवितासंग्रह होता. कायद्याच्या तीनशेच्या घरात साहित्याचं आठशेचं पुस्तक. बेपत्तांपैकी एक. मग त्याच फळीवर दुसरा संग्रह निघाला, खालच्या फळीवर तिसरा. तिचा चेहरा आनंदाने फुलून आला, आणि साहेब जवळ येताच कोमेजला.

"म्हणजे चोरी नाहीच," साहेब म्हणाले. "तुमचा हलगर्जीपणा! कविता उचलून कायद्यात कोंबलीत? चिठ्ठी वाचता येत नाही तुम्हाला?"

"सर, मी नाही हो ठेवली. शपथ घेऊन सांगते, मी नाही ठेवली." तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बाई मात्र त्या फळ्या आणि तिथून निघालेली पुस्तकं निरखत होत्या. "थांबा जरा, साहेब. हलगर्जी माणूस कुठेही पुस्तक टाकतो. इथे कवितेसोबत कविताच आहे, आणि तीही लेखकांच्या क्रमाने नीट लावलेली. ज्याने ही ठेवली, त्याला ही जागा बरोबर वाटत होती. पूर्वी कधी इथे कविता होत्या का?"

"छे!" साहेब म्हणाले. "मी आलो तेव्हापासून इथे कायदाच आहे."

काकांनी खिडकीकडे पाहिलं.

कविता तिथे होत्या. साहेब यायच्या कितीतरी आधी, छत गळायला लागलं नव्हतं तेव्हा. मग एका रविवारी कपाटं हलवली, आणि प्रत्येक पुस्तक काकांनी स्वतः वाहून नेलं. त्या वेळचं आता कुणी उरलं नव्हतं. आणि परवाच, हो, परवाच सकाळी, त्यांनी एक कवितासंग्रह खिडकीशी नेऊन अगदी समाधानाने जागेवर लावला होता. खिडकीतून ऊन येत होतं. सगळं कसं जिथल्या तिथे वाटलं होतं.

दालनात ही गोष्ट माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो मूग गिळून बसला तर कुणाला काही कळणार नव्हतं. काकांना भीती वाटली. नोकरीची वाटली, पण त्याहून जास्त त्या नावाची वाटली. कॅटलॉगकाका नसलेले काका म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोर काउंटरवाली पदराने डोळे पुसत होती.

"होत्या," काका म्हणाले. "इथे कविता होत्या. मीच ठेवलीत ही पुस्तकं."

साहेब चक्क हसले. "काका, तुमचं मन मोठं आहे, पण तिला असं पाठीशी घालू नका. तुम्ही आणि चुकीच्या जागी पुस्तक?"

बाकीचेही हसले. कुणी विश्वासच ठेवेना. इतक्या वर्षांची अब्रू आड आली.

"दाराजवळच्या कपाटात बघा," काका म्हणाले. "मुलांची विज्ञानाची पुस्तकं आहेत ना, तिथे. खालून दुसरी फळी. पूर्वी तिथे प्रवासवर्णनं असायची. हरवलेली प्रवासवर्णनं तिथेच असतील. आणि जिन्याखाली आता कोश आहेत, तिथे नाटकं."

हसणं थांबलं. काउंटरवाली दाराकडे गेली, खाली बसली, चिठ्ठ्या वाचत गेली. एक पुस्तक काढलं. मग आणखी एक. जिन्याखालून कुणीतरी हाक मारली, "साहेब, नाटकं आहेत इथे!"

काकांनी सांगितलं ते सगळं जिथल्या तिथे निघालं. बरोबर ठरल्याचं इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी टेबलावरची पुस्तकं उगाच सारखी केली. शेवटी ते काउंटरवालीला म्हणाले, "तुमच्या कंत्राटाचं पत्र उद्या काढतो," आणि काकांकडे न बघताच म्हणाले, "तुमचं... आपण नंतर बोलू." बाईंनी काकांना खुर्ची दिली.

सगळे पांगल्यावर काउंटरवाली पुस्तकांची चळत घेऊन त्यांच्यापाशी आली. रागावेल असं त्यांना वाटत होतं. रागावायचा तिला हक्कही होता.

"इतके दिवस मी भीतीने मेले होते, काका," ती म्हणाली. मग वरचं पुस्तक तिने त्यांच्या हातात दिलं. "चला, वाचा चिठ्ठी. मी आहे बरोबर."

काकांनी चिठ्ठी वाचली. पाय सवयीने खिडकीकडे वळले. तिने त्यांच्या कोपराला धरलं. मग ते आकडे बघत, एकेक कपाट ओलांडत, भिंतीच्या टोकापर्यंत गेले. पुस्तक फटीत सरकवलं. जागा मुळीच ओळखीची वाटली नाही, तरी तीच बरोबर होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. हात एका डब्याकडे गेला, थांबला. त्यांनी चिठ्ठी वाचली. मीठ. तो डबा मागे सारून त्यांनी शेजारच्या डब्यावरची चिठ्ठी वाचली.

बायको दारात येऊन उभी होती.

"या चिठ्ठ्या तू तुझ्यासाठी लावल्यास ना?" काकांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. चहा गाळला, दोन कप भरले, एक तिच्यापुढे ठेवला. तिने घोट घेतला. गोड होता.

"उद्या डॉक्टरकडे जाऊया का?" तिने हळूच विचारलं.

"परवा जाऊ," काका म्हणाले. "उद्या शेवटचा वर्ग आहे. ते बिंदूनंतरचे आकडे अजून यायचेत मला."