दाराआड उभी कार्तिकी

"ही जोर लावत नाहीये, ताई. ही अडवून धरतेय."

कर्जतच्या डॉक्टरबाईंनी माझा हात धरून कार्तिकीच्या पोटावर, बेंबीच्या खाली टेकवला. आत दगडासारखा गोळा लागला. कार्तिकी माझी मुलगी, चार वर्षांची. त्या म्हणाल्या, हे कॉन्स्टिपेशन, म्हणजे बद्धकोष्ठ. आणि दुखेल या भीतीनं लेकरू शी आत रोखून धरतं, त्याला स्टूल विथहोल्डिंग म्हणतात.

मी सातवीतून शाळा सोडलेली. मला एवढंच कळलं, की तीन महिने मी उलटंच बघत होते.

कार्तिकी दाराआड जायची. पडदा मुठीत धरायची, टाचा उचलायची, पाय आवळायची, तोंड लालबुंद. मी बाजूला बसून म्हणायची, लाव बाई जोर, अजून लाव. आणि ती बिचारी सगळी ताकद थांबवण्यात घालवत होती.

आमचं गाव जालन्याकडं. नवरा साजगावच्या कारखान्यात, म्हणून कर्जतजवळ भिसेगावात भाड्याची खोली. इथं आई नाही, सासू नाही. एकदा कार्तिकीला फार कडक शी झाली, रक्ताचा थेंब दिसला, तिथून तिनं धसका घेतला. आठ-आठ दिवस होईना. शेजारच्या मावशी जिवाला जीव देणाऱ्या. म्हणाल्या, "विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून मागून लाव गं. आमी समद्या पोरांना तसंच केलं, काय होत नाय."

मावशींनी पाय धरले, मी देठ सरकवला. तेवढ्यापुरती झाली. मग आणखी दोनदा तसंच केलं. तिसऱ्या वेळी कार्तिकी रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं अजून माझ्या मागं आहे.

पुढं चड्डीला पातळ डाग लागायला लागले. आईला फोन केला, ती म्हणाली जुलाब असतील, जायफळ उगाळून दे. मी चार दिवस दिलं. पोट फुगलं, जेवण सुटलं, तेव्हा दवाखाना गाठला.

ते जुलाब नव्हतेच. कडक गोळ्याच्या कडेनं पातळ झिरपत होतं, आणि आतडं इतकं ताणलेलं की तिला ते कळतही नव्हतं. त्या डागांसाठी मी तिला मारलं होतं. ते डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आजपासून मागून काही घालायचं नाही. चड्डी भरली तर धुवायची, बोलायचं नाही. तिला तुमची भीती वाटता कामा नये."

पाण्यात कालवायची पावडर दिली. लॅक्झेटिव्ह, म्हणजे शी मऊ करणारं औषध. आधी गोळा निघेपर्यंत जास्त, मग रोज थोडी. जेवण झालं की शीच्या छोट्या खुर्चीवर पाच मिनिटं, पाय नीट टेकून. बरं दिसलं म्हणून दीड महिन्यानं मी आपल्या मनानं पावडर बंद केली. आठवड्यात कार्तिकी परत दाराआड, मग पावडर परत सुरू केली. ही चूक तुम्ही करू नका. डॉक्टर सांगतील तोवर द्या, कितीही महिने लागोत.

संक्रांतीला मावशींकडं हळदीकुंकवाला गेलो. ताटात विड्याची पानं होती. कार्तिकीनं ती बघितली आणि त्यांच्या दारामागं जाऊन पडदा धरला. बायका हसल्या, लाजली म्हणाल्या. मावशींनी मात्र ताटावर पदर ओढला. मला हळूच म्हणाल्या, "माजंच चुकलं गं."

मावशींचं कसलं? हात माझे होते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका दुपारी वरणभात खाऊन कार्तिकी स्वतः खुर्चीवर बसली. मला म्हणाली, तू बाहेर जा. मी दाराबाहेर पडदा मुठीत धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"आई, आपोआप झाली. तू काय नाय केलं."

मी तिथंच खाली बसले आणि रडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना सांगायला गेले. नुसते हात जोडले.

आता ती मोकळी आहे, खेळते, जेवते. मी अजून घरात शिरले की आधी दारामागं बघते.