मागचा सेन्सर

स्पीडोमीटरच्या काट्यांजवळ चिकटवलेली टिकली मिस्त्री नखाने काढायचे आणि गाडीच्या मालकाच्याच कपाळावर दाबून लावायचे. "घ्या. आता तुमचाबी बिघाड झाकला."

आमच्याकडे ही रीतच पडली आहे. इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, की माणूस गॅरेजला जाण्याआधी बायकोच्या पाकिटातली टिकली काढतो आणि त्या दिव्यावर लावतो. परभणीत तुम्ही जुनी गाडी चालवली असेल, तर अशी टिकली पाहिली असेल. लावलीही असेल. मी लावली होती. मरून रंगाची, चांगली मोठी.

मी बोरीच्या शाळेत शिक्षक. रोज परभणीहून जिंतूर रोडने गाडीने जातो. मिस्त्रींचं गॅरेज त्याच रस्त्यावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर कपाळावर टिकली घेऊन उभा राहिलो. असा संताप आला म्हणता!

"गुरुजी, खाली वाका. धुराच्या पाइपावर स्पार्क प्लगवानी काय बसवलंय, वायर लोंबायलीय, दिसायलंय का?"

"दिसतंय."

"त्यो सेन्सर. असे किती हायत?"

मी म्हणालो, एक. त्यांनी पाना फरशीवर आपटला.

"दोन! मधी धूर गाळायचा डबा हाय. डब्याच्या आधी पुढचा, डब्याच्या नंतर मागचा. पोरांना काय शिकविता?"

पुढचा सांगतो, पेट्रोल किती लागतं. मागचा सांगतो, डबा काम करतो की नाही. माझा मागचा गेला होता. आणि मी शहाणपणा केला. म्हणालो, "मग त्याची गरज काय? गाडी तर पळते. बायपासला एक जण तो काढून दिवा कायमचा बंद करून देतो म्हणे."

मिस्त्री लालबुंद झाले. "पळायलीय म्हनून ठीक हाय? उद्या डबा मेला तर सांगंल कोन? जा, तिकडंच जा! दिवा इझवायचं काम माझ्याकडं होत न्हाई."

मी तणतणत निघून गेलो. जिंतूर नाक्यापर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. दोन दिवसांनी मुकाट्याने परत आलो. बहुतेक सगळेच यायचे.

गिऱ्हाईक परत आलं की आधी शिव्या, मग चहा. चहा पिताना ते तेलकट हाताने छाती चोळायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टावर डाव्या बाजूला काळा डाग पडलेला असायचा, धुऊनही न जाणारा. परत आलो त्या दिवशी मी म्हणालो, "मिस्त्री, डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. ग्यास हाय म्हनले."

"तपासणी केली का?"

"हातपाय चालायलेत न्हवं? मग कशाची तपासनी?" असं म्हणून ते गाडीखाली शिरले.

हे वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

सेन्सर बदलून झाला. जुना माल मालकाच्या हातात द्यायचा, ही त्यांची पद्धत. कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली.

"उघडून बघा."

"अहो, विश्वास आहे तुमच्यावर."

"इस्वास नका ठिवू! बघा! लोक लय फसवतेत."

मला शाळेला उशीर होत होता. हसून पुडी डिकीत टाकली, जयभीम केला आणि निघालो.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी मिस्त्री गाडीखालून बाहेर आलेच नाहीत. गाडीचा मालक बराच वेळ बाहेरून बोलत होता. उत्तर येईना, तर त्याला वाटलं, मिस्त्री आज रागात आहेत. आम्ही सगळ्यांनी त्या रागाची इतकी सवय करून घेतली होती.

मिस्त्री गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो तर वहिनी एकच सांगत होत्या, "त्यायला काईच न्हवतं ओ गुरुजी. नुसता ग्यास."

मागच्या आठवड्यात बोरीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. जॅक काढायला डिकी उघडली, तर कोपऱ्यातून ती पुडी घरंगळत आली. सुतळी सोडली. आत काजळी धरलेला सेन्सर. कागदावर मिस्त्रींच्या अक्षरात लिहिलेलं, 'गुरुजी, मागचा'. कागद उलटा केला. डॉक्टरांची चिठ्ठी होती. वर मिस्त्रींचं नाव. छातीत दुखतं, हृदयाची तपासणी ताबडतोब करून घ्यावी. 'ताबडतोब'खाली दोन रेघा. गॅसचा उल्लेखही नाही.

हाताला लागला तो कागद त्यांनी घेतला असणार. त्यांच्या लेखी त्याची किंमत तेवढीच होती. आणि तो कागद सात महिने माझ्या डिकीत होता.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या तुरीतल्या दोन बाया कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. लोकांच्या गाडीचा मागचा सेन्सरसुद्धा काढू न देणारा माणूस, आणि स्वतःची चिठ्ठी पुडी बांधायला वापरतो! आणि मी? बघा म्हणाले होते ना, दोनदा म्हणाले होते. मी विश्वास ठेवला. त्यांचा मला राग येतो, पण माझा त्याहून जास्त येतो. वहिनींना तो कागद दाखवायची हिंमत अजून झालेली नाही.

टायर बदललं. गाडीत बसून चावी फिरवली. सगळे दिवे एकदा लागले आणि एकेक करत विझले. पिवळाही विझला. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.