किरणांशिवाय वाढलेल्या लाटा

रंजना परांडेकरनं चाचणी म्हणून वैश्विक किरणांचा आकडा शून्य टाकला आणि प्रोग्राम चालू केला. अर्ध्या तासानं पडद्यावरची लाटांची रेघ वर चढू लागली, तसा तिनं टाकलेला आकडा पुन्हा तपासला. शून्यच होता.

अंतराळातल्या प्लाझ्मातून, म्हणजे विजेनं भारलेल्या तप्त वायूतून, या किरणांचे वेगवान कण जातात तेव्हा तिथल्या चुंबकीय क्षेत्रात लाटा उठतात. त्या किती वाढतात हे संगणकावर पाहायचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. आता किरणच नव्हते, तरी लाटा वाढत होत्या. म्हणजे चूक तिचीच. आणि याच प्रोग्रामच्या आकड्यांवर विभागातल्या संशोधक विद्यार्थिनीचा, सुजाताचा, पीएच.डी.चा प्रबंध उभा होता. सोमवारी तो दाखल व्हायचा होता.

साल शहाण्णव. गौलीगुड्यातल्या घरून बसनं ती विद्यापीठात यायची. नोकरी कंत्राटी. बरोबरच्या मुली शहरातल्याच अमीरपेटला संगणकाचे नवे कोर्स करून कंपन्यांत गेल्या, हिचा जीव मात्र इथंच रमलेला. हे काम गेलं तर? तीन दिवस तिला घास उतरेना. मागून कोणी हाक मारली तरी दचकायची.

"दवाखान्यात चल," वडील म्हणाले.

"नक्को बाबा," म्हणून ती खोलीत गेली.

शुक्रवारी ती प्रकल्पाचे प्रमुख आणि सुजाताचे मार्गदर्शक नरहर सर यांच्यासमोर उभी राहिली. सुजाताही तिथंच बसली होती.

"सर, प्रबंधातले आकडे चुकलेत. माझ्या हातून."

सर कागद चाळत राहिले. "कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मग आज सांगतेस?"

"भीती वाटली, सर."

सुजाता उठून निघून गेली. ते रंजनाला सरांच्या रागापेक्षा जास्त लागलं.

चूक सापडायला तीन आठवडे गेले. प्रोग्राममध्ये प्लाझ्मासाठी आखलेल्या काल्पनिक पेटीच्या कडेवरून आत येणारे कण दोनदा मोजले जात होते, आणि त्या खोट्या ऊर्जेनं लाटा वाढत होत्या. दुरुस्तीनंतर किरणांमुळं लाटा उठल्या खऱ्या, पण आधीच्या निम्म्याही नाहीत. प्रबंध सात महिने लांबला. सरांनी कंत्राट वाढवलं, तेही फक्त सहा महिने.

सुजाता महिनाभर बोलली नाही. मग एका दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचंय. कडेचं ते गणित मला नीट समजावून सांगा."

रंजनानं कागद घेतला. त्यावर पेटीचा चौकोन काढला आणि त्याच्या कडेवर पेन टेकवलं.