जीपच्या पुढचा रहाट

अक्काच्या विहिरीत दाजी धोंड्याखाली अडकले, त्या दिवशी तो धोंडा उचलू शकेल अशी आसपासच्या गावांत एकच वस्तू होती, आणि ती आमच्या दारात उभी होती. आमच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या जीपला पुढच्या बाजूला लोखंडी रहाट होता. इंजिनावर फिरायचा, पोलादी दोर गुंडाळलेला. सैन्यात असल्या रहाटाने चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढतात.

ती जीप दादांनी दुष्काळाच्या आदल्या वर्षी घेतली, नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा. मी बरोबर होतो. शेतीची सगळी व्यवस्था माझ्याकडे असल्याने गाडीला काय कामं पडणार हे मला ठाऊक होतं. गुरुवारी शिर्डी, महिन्याला कारखान्याची सभा, आठवड्याचा बाजार, हंगामात लग्नं. सगळी डांबरी सडकेवरची. मी एक साधी गाडी दाखवली. दादा ह्या रहाटवालीपुढून हलेनात.

"रणगाडे वढायचेत का आपल्याला?" मी विचारलं.

"आसू दे रं. पुढून कशी भारदस्त दिसती बघ."

गाडी घरी आली आणि तिचा थाट सुरू झाला. तांबड्या रेक्झिनच्या गाद्या, मागे झालरीचे पडदे, दोन सुरांचा भोंगा. रहाटाला रुपेरी रंग दिला. वहिनी दर अमावास्येला त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडायच्या. पारावरची मंडळी म्हणायची, "पाटील, आता ह्याला मोट बांधा, म्हंजी बैल इकाया मोकळे." दादा हसायचे. ते टोमणे त्यांना आवडायचे.

मग ती एक गोष्ट झाली. गाडी जड पळते, खालून घरघर करते, पेट्रोल फार पिते, अशी दादांची तक्रार होती. तालुक्याच्या फिटरने सांगितलं, सडकेवर चारही चाकांना ताकद देऊन काय करता, पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून टाका, मागची दोन पुष्कळ झाली. तसं बरेच जण करत आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी दादांना एवढंच म्हणालो की मग रहाटही काढा. ठेवायचं तर दोन्ही ठेवा, नाहीतर दोन्ही नको. रहाट कामाला येईल अशा जागी गाडी पोचायला चारी चाकं लागणार.

"शाफ्ट कुनाला दिसतोय?" दादा म्हणाले. "रहाट काढला तर पुढून बोडकी दिसंल की गाडी."

शाफ्ट गोठ्यात टांगून ठेवला.

अक्का आमची मधली बहीण. तिचं सासर नदीपलीकडे, आमच्या मळ्यातून दिसेल एवढं जवळ. पण आमचा काठ पाटाच्या पाण्याचा आणि तो जिरायती. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात ऊस जगवता आला, तिच्याकडे प्यायचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीवरून डोक्यावर येत होतं. दाजींनी विहीर खोल करायला काढली. मजूर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, म्हणून स्वतःच तळाला उतरून पहार चालवत होते. आम्ही मदत देऊ केली की म्हणायचे, "पानी लागल्यावर या, पेढं खायला."

त्या दिवशी सकाळी त्यांचा शेजारी धापा टाकत कोरडी नदी ओलांडून आला. आदल्या दिवसाच्या सुरुंगाने बाजूचा खडक खिळखिळा झाला होता. दाजी खाली असताना एक मोठा धोंडा सुटला. दगड वर काढायची यारी मोडून घेऊनच तो खाली आला आणि दाजींची एक मांडी त्याखाली सापडली. ते शुद्धीवर होते, बोलत होते.

"त्येंनीच धाडलं मला," तो म्हणाला. "म्हनले, दादाला सांग, रहाट घिऊन ये."

दादा चप्पल न घालताच गाडीत बसले. मी शाफ्टाचं विचारलं. ते म्हणाले, "त्यो बसवंस्तवर दुपार हुईल." मग मी म्हणालो, पुलावरून जाऊ. पूल तालुक्याच्या गावाला, लांबचा वळसा. पण सगळी सडक.

"समोर दिसतंय घर आन् तिकडून कुठं जातोस? बैलगाड्या जात्यात की पात्रातनं."

बैलगाड्या जायच्या, हे खरं. पण बैल सगळे जनावरांच्या छावणीत होते. कित्येक आठवड्यांत पात्रातून एकही गाडी गेली नव्हती आणि गाडीवाट वाऱ्याने बुजून गेली होती. वरून सगळं सपाट दिसत होतं. जीप दादांनी वेगात घातली, निम्मं पात्र ओलांडलं आणि मागची चाकं बसली. दादांनी जोर दिला, तशी ती आणखी खाली गेली. पुढची चाकं वाळूवर नुसती टेकलेली, त्यांना काहीच करता येत नव्हतं.

आम्ही गाद्या काढून चाकांखाली घातल्या. पडदे फाडून घातले. बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या. रहाटाचा दोर सोडून काठावरच्या झाडाला बांधावा म्हणून तो घेऊन मी पळालो, तर झाड बरंच पुढे असतानाच दोर संपला. शेवटी दादा म्हणाले, "तू चालत हो फुडं. त्येंला सांग, आलोच."

विहीर उंचवट्यावर होती. वर गेल्यावर मी मागे पाहिलं, तर पात्रातली जीप अगदी स्वच्छ दिसत होती. उन्हात रहाट चमकत होता. विहिरीच्या काठावर अक्का आणि चार-सहा माणसं नदीकडेच तोंड करून बसली होती. धोंडा फोडायला आलेल्या दोघा वडारांचे घण बाजूला पडले होते.

"काम का थांबलं?" मी विचारलं.

त्यातला थोरला म्हणाला, "जीप आली न्हवं. घनाचा ठोका पडला का तुमच्या पावन्याचा जीव जातुया. रहाटानं अल्लाद उचलंल, म्हनून थांबलो."

धोंड्याचा एक कोपरा त्यांनी फोडून काढला होता. मी खाली वाकून हाक मारली.

"धाकलं मेव्हनं का?" दाजींचा आवाज बराच स्थिर होता. "दादा कुठवर आलं?"

"पात्रात हायेत. वाळूत बसलीय गाडी. दाजी, थांबू नका, घण चालू द्या."

"नगं. लई कळ येती. आता आलीच हाय तर थांबू की वाईच." मग ते म्हणाले, "अमावास्येला नारळ फोडता न्हवं त्येला? आज मी फोडतो."

मी वडारांना खाली उतरवलं. पहिल्या घावाला दाजी असे ओरडले, की अक्काने माझा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "दिसतीय ना गाडी? येतीय ना?"

मी येतीय म्हणालो आणि घण थांबवले. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

मी खडीच्या कामावर धावलो. मुकादमाने काम सोडून सगळी माणसं दिली, बायासुद्धा आल्या. वाळू उपसायची, फांद्या घालायच्या, दोराला लागायचं, गाडी हातभर पुढे आली की पुन्हा रुतायची. काठावरून कुणीतरी ओरडून विचारायचं आणि खालून दादा ओरडायचे, "आलो! आलो म्हनावं!" तो निरोप विहिरीत जायचा. उन्हं कलती झाली तेव्हा जीप घट्ट जमिनीला लागली.

त्याच्या थोडं आधी दाजींनी पाणी मागितलं होतं. अक्काने दोराने तांब्या सोडला. तो त्यांनी हातात घेतला नाही.

हे दादांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी जीप विहिरीच्या काठाशी लावली, चाकांपुढे दगड रचले, विहिरीच्या तोंडावर ओंडका टाकून दोर आत सोडला. वडारांनी खाली धोंड्याला फास घातला. दादांनी रहाट चालू केला आणि धोंडा उचलला गेला. काही अडलं नाही, दोर कुरकुरलाही नाही. दादा खाली वाकून म्हणाले, "दाजी, सुटलं बगा!" मग त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.

दाजींना बाजेवर बांधून वर घेतलं. अक्का रडत नव्हती. दादांनी जीपचं मागचं दार उघडलं, आतली वाळू हाताने झाडली. वस्ती विहिरीपासून तशी दूर होती.

"नगं," अक्का म्हणाली. "मानसं हायेत न्यायला."

"अक्के, ऊन लई हाय गं."

"सकाळपास्नं ऊनच हाय, दादा."

बाज उचलायला चार जण लागत होते. दादा पुढे झाले. तिने तळहात त्यांच्या छातीला लावून त्यांना बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खांदा दिला.