भोंग्यावरची चाचणी

नवीन जालन्यातल्या त्या स्टुडिओत आम्ही दोघी मिक्सिंग करायचो. मी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर. ती बारावीनंतर अंकुशनगरला वडिलांच्या मंडपव्यवसायात भोंगे बांधत शिकलेली. टेंभुर्णीच्या बायकांचं पथक भीमगीतं ध्वनिमुद्रित करायला आलं, तेव्हा मालकांनी पहिलं गाणं दोघींकडे स्वतंत्रपणे सोपवलं. पथकाला जिचं काम पसंत पडेल, तिला उरलेली सातही मिळणार होती. मला ती गाणी हवीच होती. पुण्यातल्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी स्वतः पूर्ण केलेला एक संग्रह दाखवावा लागणार होता. तिला कुठेही काही दाखवायचं नव्हतं, आणि तिची ती निश्चिंती मला खुपत होती.

मी पद्धतशीर काम केलं. पेटीच्या सुरांखाली गायिकेचे शब्द झाकले जात होते. म्हणून इक्वलायझरवर तिचा आवाज तीन हजार हर्ट्झच्या आसपास उचलला. आलेख देखणा दिसला, हेडफोनमध्ये अक्षर न् अक्षर सुटं झालं. ती मात्र आलेख बंद करून, डोळे मिटून मिक्सरची एकच पट्टी सरकवत बसली होती. "याला काय शास्त्र म्हणायचं?" असं मी मालकांना विचारलं, तिला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे.

निवड करायला पथकाच्या प्रमुख गायिका, सगळ्यांच्या मावशी, आल्या. मी हेडफोन पुढे केला.

"ते राहू दे, बाई. जयंतीला आमच्या गल्लीत कोन कानात घालून आयकतं? भोंग्यावर लाव."

गच्चीवर भोंगा तिने आधीच बांधून ठेवला होता. मला ते सुचलंही नव्हतं.

आधी माझं गाणं लागलं. भोंगा मुळातच तीन हजार हर्ट्झच्या आसपास कर्कश असतो, आणि नेमकं तेच मी वाढवून ठेवलं होतं. मावशींनी पदर कानाशी धरला.

"माझाच आवाज मला टोचून राह्यला की! मी गाऊन राह्यले का भांडून राह्यले?"

बायका खदखदल्या. मग तिचं गाणं लागलं आणि हसणं थांबलं.

"हां, आता बराबर. सातही हिलाच द्या."

संध्याकाळी तिने आपण होऊन फाइल उघडून दाखवली. गायिकेच्या आवाजाला तिने हातही लावला नव्हता. पेटीचाच त्या तीन हजारांजवळचा भाग थोडा उतरवून शब्दांना जागा करून दिली होती. एवढंच. "ताई, तो आलेख कसा वाचायचा, मला शिकवताल का?" तिने विचारलं. ती टोमणा मारत असती तर मला बरं वाटलं असतं. "पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणाले, आणि पुढे तो विषय कधीच काढला नाही.

जयंतीला मी टेंभुर्णीला गेले. मी कौतुकाने आले, असं सर्वांना वाटलं. मी भोंग्याखाली उभी राहून एखादा तरी शब्द बुडतो का, ते शोधत होते. आठही गाण्यांत एकही बुडाला नाही. मावशींनी हातावर लाडू ठेवला, तेव्हा मी त्यांना शेवटचं गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि परत भोंग्याखाली जाऊन उभी राहिले.