नदीवर गेलेला ठिपका

सव्वीस वर्षं झुलाल रुळांवरून चालला, पण त्याला चालताना कुणी पाहिलं म्हणावं तर नाही. इंजिनातला ड्रायव्हर पाहतो, तो पापणी लवेपर्यंत. केळीच्या बागेतली माणसं पाहतात, पण त्यांना तो रुळाकडेच्या खांबासारखा. असला काय नि नसला काय, दिवस उगवतोच.

गिरणेच्या पुलापासून पाळधीच्या अंगाला सहा किलोमीटर, ही त्याची वाट. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणारा लोखंडाचा वाकडा आकडा असतो, त्याला हे लोक चावी म्हणतात. गाड्यांच्या धक्क्यानं चावी ढिली होते. झुलाल ती हातोड्यानं ठोकून बसवतो, म्हणून तो चावीवाला. घट्ट चावी हातोड्याला खणखणीत उत्तर देते, ढिली घोगऱ्या गळ्यानं बोलते. आपला हातोडा ऐकत ऐकत जावं, वाटेत कोळशाची मालगाडी आली की बाजूला उभं राहावं, ती सुरतेकडे निघून गेली की मागची शांतता कानांत भरून घ्यावी आणि पुन्हा निघावं.

यंदा उन्हाळा सरताना रूळ राखणाऱ्या टोळीच्या अभिमन मुकादमानं त्याच्या हातात काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र ठेवलं. हे गळ्यात अडकवलं की भुसावळच्या ऑफिसात संगणकावर तुझा ठिपका दिसतो, असं त्यानं सांगितलं. चाललास तर चालतो, बसलास तर बसतो. टोळीतल्या बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. आता बिडी ओढायलाही साहेबाला विचारा, असं एकजण म्हणाला. गुराच्या गळ्यातलं लोढणं ते हेच, असं दुसरा म्हणाला. झुलालनं ते गळ्यात अडकवलं. त्याला मनातून ते आवडलं होतं.

त्या दिवसापासून त्याची चाल बदलली. दूर कुठे थंडगार खोलीत काचेवर एक कण सरकतो आहे, आणि तो कण आपण आहोत, हे त्याला वाटेत मधूनच आठवायचं. मग तो पाठ ताठ करायचा. धुकं असलं की त्याला वाटायचं, आपण इथं नाहीच, तिथंच चालतो आहोत, आणि इथं रुळावर पडते ती नुसती आपली सावली.

श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघरी आली. मंजुळाबाई, त्याची बायको, दोंडाईच्याकडची. कानबाईचं तिच्याइतकं कौतुक गावात कुणाला नाही. रविवारी चौरंगावर नारळाची कानबाई बसली, नथ ल्याली, रोटाचा नैवेद्य झाला. घरची रीत अशी, की ज्याच्यावर पोट चालतं ती वस्तू रात्रभर तिच्यापुढे ठेवायची. दरवर्षी हातोडा ठेवत. यंदा मंजुळाबाईनं हातोडा भिंतीला टेकवला आणि चौरंगावर, तांदळाच्या राशीत, ते यंत्र ठेवलं.

सोमवारी पहाटे झुलालनं हात पुढे केला.

"तिनापुढे ठेवेल चीज निरोप देवाआधी उचलतस का कोनी?" मंजुळाबाई म्हणाली. नदीवर कानबाईची बोळवण होईपर्यंत यंत्र तिच्यापुढून हलणार नव्हतं.

झुलाल दारात घोटाळला. पंचवीस वर्षं बिनयंत्राचाच चाललो, एक दिवस आणखी, असं म्हणून त्यानं हातोडा उचलला आणि वाटेला लागला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही सावकाश, नीट चालला.

इकडे नऊ वाजता गावातल्या बायांनी कानबाई चौरंगासकट, तांदळातल्या यंत्रासकट डोक्यावर घेतली. डफ वाजले, फुगड्या झाल्या, आणि रात्रभर घरात बसलेला झुलालचा ठिपका वाजतगाजत, गरागरा फिरत, गिरणेच्या पाण्यापर्यंत गेला आणि मंजुळाबाईसोबत घरी परतला.

मंगळवारी सकाळी सेक्शनच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या इंजिनिअर रोहिणी मॅडम नशिराबादच्या, वयानं त्याच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. झुलालनं आपलं चालणं पहिल्यांदा पाहिलं. रोजच्या रेघा एकावर एक बसून जाड झाल्या होत्या, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या. फक्त सोमवारची रेघ रुळावर नव्हती. ती नदीकडे गेली होती.

"नाना, हे काय आहे?"

त्यानं सगळं सांगितलं. मॅडमना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग त्यांनी अडचण सांगितली. मशीनच्या हिशेबी सोमवारी वाट कुणी तपासलीच नाही. असा दिवस सापडला की चावीवाल्याला वाटेवरून काढून टोळीत खडी ओढायला लावतात. सुटकेचा रस्ता एकच होता. यंत्र बिघडलं होतं असं त्या लिहिणार, मग कुणी विचारणार नाही.

झुलालनं त्या जाड रेघेवरून बोट फिरवलं. वाट गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, हे त्याला कळत नव्हतं. तरी तो म्हणाला,

"यंत्र बिघडलं नव्हतं, ताई. ते जिथं होतं तिथंच दाखवलं त्यानं. मी चाललो, तेही खरं. दोन्ही खरं लिहा."

"आणि तुम्ही चाललात हे कशावरून?"

"चला माझ्यासोबत."

दोघं निघाली. भुरभुर पाऊस होता. तीन किलोमीटरवर, जिथं काळी माती दर श्रावणात खचते, तिथं तो थांबला. काल इथं चार चाव्या ढिल्या होत्या, असं म्हणून त्यानं बोट दाखवलं. चारही चाव्यांच्या डोक्यावर हातोड्याचे घाव ताजे होते, आजूबाजूच्या गंजात नखाएवढे चकाकत होते. पुढे रुळाखालच्या मोरीपाशी दोन. वळणावर एक. मॅडम फोनवर त्या जागा नकाशात टिपत गेल्या. मग त्यांनी विचारलं, इथं थांबायचं हे तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, पाय आपोआप थांबतात. अशा त्याच्या सतरा जागा निघाल्या. कुठल्याच वहीत त्या नव्हत्या. आता त्या पडद्यावर आल्या, नव्या चावीवाल्यालाही दिसतील अशा.

संध्याकाळी मॅडमनी सोमवारच्या रकान्यात लिहिलं: चावीवाल्यानं पूर्ण वाट तपासली, खुणा प्रत्यक्ष पाहिल्या, यंत्र कानबाईच्या मिरवणुकीत नदीवर गेलं होतं.

आठ दिवस भुसावळहून उत्तर नव्हतं. त्या आठ दिवसांत झुलाल प्रत्येक चावीला निरोप दिल्यासारखा चालला. नवव्या दिवशी कागद आला. यंत्राशिवाय पुन्हा गेल्यास खैर नाही, अशी ताकीद होती. खाली एक ओळ होती, की सोमवारची तपासणी ग्राह्य धरली आहे आणि वाट त्याच्याकडेच राहील.

कागद त्यानं घरी वाचून दाखवला. मंजुळाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"मंग आपली कानबाई भुसावयना साहेबले बी दिसनी म्हना."

"हा, दिसनी. फुगडी खेयतांना दिसनी," झुलाल म्हणाला, आणि यंत्र चार्जिंगला लावायला उठला.