दाजींची ऐकायची खोली

माणसाचं बोलणं हा जगातला सर्वांत हलक्या प्रतीचा आवाज आहे, असं आमच्या दाजींचं प्रामाणिक मत होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. घराणं परभणीकडचं, नोकरी हैदराबादेत पाटबंधारे खात्यात, आणि निवृत्तीनंतरचा मुक्काम हिमायतनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट तीन खोल्यांचा, पण दाजी त्यातल्या एकाच खोलीत राहायचे. बाकीच्या दोन त्यांनी अक्काला दिल्यासारख्या होत्या. ही खोली मुळात माझ्या भाचीची. ती नोकरीला लागून कुकटपल्लीला राहायला गेली, तिचा पलंग निघाला आणि त्याच आठवड्यात दाजींनी भिंतींना जाड फोम लावला, खिडकी कायमची बंद केली, दाराला कडेकडेनं रबराची पट्टी मारली. भाची पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा दारातच थबकली. "पप्पा, माझी रूम आहे का लॉकअप?" दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. "हल्लू बोल. फोम नवीन आहे."

त्या खोलीत काय चालायचं ते दाजी कुणी न विचारताही समजावून सांगत. हल्लीचं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा जो चपटा डबा, तो डॅक. आणि डॅकमधून निघालेला तो नाजूक आवाज सांभाळून, हवा तेवढा कमीजास्त करून पुढच्या मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हवाली करतो, तो प्रीॲम्प. संगीतातलं सगळं बरंवाईट या दोन डब्यांच्या मधल्या दीड हात वायरीत घडतं, असं त्यांचं म्हणणं. "आपल्यात पत्रिका बघत नाहीत," ते मला म्हणाले होते, "तुझ्या अक्काची नि माझी कुणी बघितली? पण या दोघांची बघावी लागते. डॅक चार व्होल्ट ओतणार आणि प्रीॲम्पला दोनच झेपणार, तर संसार कसा व्हायचा?" अक्काचा संसार कसा होतोय हे त्यांनी इतक्या बारकाईनं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. पण या जोड्या मात्र त्यांनी जन्मभर जमवल्या. एक डॅक असा दांडगा निघाला की बटण केसभर फिरवलं तरी गाणारी बाई अंगावर धावून यायची. दुसरा इतका बुजरा की प्रीॲम्पपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. दर दोनचार महिन्यांनी नवा खोका यायचा आणि दाजी अक्काकडे न बघता सांगायचे, "मित्राचा आहे. ठेवायला दिलाय." एकदा अक्का म्हणाली, "तुमच्या मित्राला घरच नाही का हो?"

मग एक जोडी जमली. पण तिच्यातून म्हणे बारीकशी घूंऽ ऐकू यायची, आणि ती फक्त दाजींना. घूं घरातल्या विजेतून येते असा त्यांना संशय आला आणि घराला वनवास लागला. ऐकण्याच्या वेळी फ्रिज बंद. दूध नासलं. पंखे बंद, तेही मे महिन्यात, जेव्हा हैदराबादेत भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. मिक्सर बंद झाला म्हणून अक्कानं बेगम बाजारातून लोखंडी खलबत्ता आणला, तर त्याची धडधड फरशीतून स्पीकरच्या पायांत जाते म्हणून तोही माळ्यावर गेला. कुकरची शिटी तर त्यांनी कायमची हद्दपार केली, अक्का डाळ पातेल्यात शिजवायची. शेवटी दाराची बेल. तिच्या ट्रान्सफॉर्मरमुळेच घूं येते, असं ठरवून दाजींनी तिची वायर काढून ठेवली. "या घरात मी चोरासारखा स्वयंपाक करते," अक्का मला म्हणाली होती. हसत म्हणाली होती, म्हणून मीही हसलो.

मी नारायणगुड्याला राहतो, चालत दहा मिनिटांवर. दर रविवारी दुपारी मी दाजींकडे जायचो आणि खोलीतल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीत बसायचो, कारण आवाज त्या खुर्चीलाच नीट मिळतो. दाजी माझ्या मागे उभे राहून एकच ओळ दोनदा वाजवायचे, मधे एखादी वायर बदलून. मग माझा चेहरा बघायचे. साठी उलटलेला माणूस, दहावीच्या निकालाला आल्यासारखा. मला काडीचा फरक कळत नसे. पण मी त्यांच्याच तोंडचे शब्द उचलून ठेवले होते. "हौ दाजी, आता जरा मोकळं झालं," म्हणायचो. ते इतके खूश व्हायचे की पुढच्या रविवारी मी आणखी मोठं खोटं घेऊन जायचो. अक्का चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवून जायची. दार वाजवायचं नाही असा नियम होता. चहा बहुतेक वेळा थंडच प्यायलो आम्ही.

कोटीच्या एका गल्लीत एक म्हातारे मिस्त्री होते, जुन्या रेडिओंच्या काचेच्या वाल्वपासून हातानं प्रीॲम्प बांधून द्यायचे. दाजींच्या तक्रारी त्यांनी वर्षभर ऐकल्या. एके दिवशी सोल्डरिंगची डागणी खाली ठेवून ते म्हणाले, "साब, डॅक बदलो नै तो प्रीॲम्प बदलो. दोनो बदल के बी नै हुआ तो कान बदलो." दाजींनी हे अपमान म्हणून घेतलं नाही, सल्ला म्हणून घेतलं. कान तपासून आले. कान उत्तम होते. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान दिसत नाहीत. तो कागद त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला.

हे सगळं नुसतं वेड असतं तर मी सरळ कंटाळलो असतो. पण त्याच्या मुळाशी एक कॅसेट होती. दाजींचे वडील गावाकडे गायन पार्टीत गायचे. दिवसा दुसऱ्याच्या शेतात आणि रात्री पेटीवर. पार्टीकडे एकच भोंगा होता. त्यातून वडिलांचा आवाज फाटून यायचा आणि गावातले काही लोक त्याची नक्कल करून दाजींना शाळेत चिडवायचे. वडील गेले तेव्हा मागे राहिली ती एका जयंतीला कुणीतरी भरून घेतलेली कॅसेट. दाजींनी ती संगणकावर उतरवून घेतली होती. "माझे बाबा असे गात नव्हते," ते एकदाच म्हणाले. "हा भोंग्याचा आवाज आहे. बाबांचा त्याच्या मागे आहे कुठंतरी."

मिस्त्रींनी अखेर एक नवा प्रीॲम्प बांधला, मुद्दाम दाजींच्या डॅकच्या मापानं. देणाऱ्याला काही जड जाऊ नये आणि घेणाऱ्यानं काही सांडू नये असा. तो आला त्या रविवारी दाजींचा मला सकाळीच फोन. "जयभीम. आज लवकर ये." मी जेवूनच गेलो. अक्का पातेल्यात डाळ टाकत होती. मला म्हणाली, "तुला भूक नसली तरी नंतर दोन घास खा." मी "बरं" म्हणालो आणि आत गेलो. दाजींनी दार लावलं. रबराची पट्टी चौकटीत बसल्याचा तो दबका आवाज मला अजून आठवतो.

त्यांनी संगणकावर उतरवलेली ती कॅसेट लावली. आणि मी, ज्याला इतक्या वर्षांत काहीही कळलं नव्हतं, त्या मीही ऐकलं. भोंग्याची खरखर होतीच, पण ती बाजूला सरकून उभी होती. तिच्या आत एक माणूस होता. पेटीचा भाता हलला. त्या माणसानं गाण्याआधी घसा खाकरला, जवळच्या कुणाला तरी हळूच "पाणी" म्हणाला, आणि मग गायला लागला. जाड, तयारीचा, काठाकाठानं थोडा कापणारा आवाज. दाजी माझ्या मागे नव्हते. ते खाली फरशीवर बसले होते, डोकं स्पीकरच्या जाळीशी नेऊन. "पाणी म्हणाले ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हौ. पाणीच म्हणाले." या वेळी मी खोटं बोललो नव्हतो. आम्ही ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. दाजींनी मला सांगितलं की पाणी मागितलं ते आईजवळ, ती पहिल्या रांगेत बसायची. चौथ्यांदा लावण्याआधी ते चष्मा पुसायला थांबले, आणि त्या थांबण्यात बाहेरचं दार कुणीतरी बडवत असल्याचं आम्हाला ऐकू आलं.

दारात खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई आणि वॉचमन उभे होते. घर धुरानं भरलं होतं. "अम्मगारु अरुस्तुन्नारु! मीकु विनपडलेदा?" त्या बाई ओरडल्या. अम्मा ओरडतायत, तुम्हाला ऐकू आलं नाही? अक्का न्हाणीघरात पडली होती. तिची हाक न्हाणीघराच्या झरोक्यातून खालच्या मजल्यापर्यंत गेली होती. त्या बाई वर येऊन बेल दाबत राहिल्या, मग दार ठोकत राहिल्या, मग वॉचमनला आणायला गेल्या. पाऊण तास. मी आणि दाजी तिच्यापासून पंधरा पावलांवर होतो. आम्ही तिला उचलायला वाकलो तर ती म्हणाली, "आधी गॅस बंद करा." पातेल्यातली डाळ जळून काळी झाली होती. त्याचाही वास त्या दारातून आत आला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी भाची बापाशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, माझ्याशी बोलेल, मी मामा आहे. कॉफीच्या मशीनजवळ ती मला म्हणाली, "मामा, पप्पांचं सोडा. पण तुम्ही पण आतच होते ना?" मी हो म्हणालो. ती कप उचलून आईच्या खोलीकडे गेली. तिला मराठी वाचायला जड जातं, त्यामुळे हे ती वाचणार नाही. वाचणार असती तर कदाचित मी लिहिलं नसतं.

ऑपरेशननंतर भाची आईला कुकटपल्लीला घेऊन गेली आणि हिमायतनगरच्या घरात दाजी एकटे राहिले. मिक्सर नाही, शिटी नाही, कुणाची पावलं नाहीत. आयुष्यभर मागितलेली शांतता त्यांना एकदम आणि पुरी मिळाली. मी पंधरा दिवस तिकडे फिरकलोच नाही. दाजींचा राग आला होता असं मी घरी सांगत होतो, पण खरं तर त्यांच्यावर रागवायचं तर मी त्या दुपारी दाराबाहेर असायला हवं होतं. शेवटी गेलो. बेल दाबली तर ती वाजली, आणि मी दचकलो. आत गेलो तर त्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून बाल्कनीत उभं केलेलं. डबे जागच्या जागी होते, वरती धूळ. "काढलं दार," दाजी म्हणाले. मग एका डब्यावरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "कान चांगले आहेत म्हणून लिहून दिलं होतं रे डॉक्टरनं."

ते रोज कुकटपल्लीला जायचे. भाची त्यांना दार उघडायची आणि आत निघून जायची. दाजी अक्काच्या पलंगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत संध्याकाळपर्यंत बसायचे, काही न बोलता. अक्काला वाटायचं, यांना बोलायचं काहीतरी असेल. तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं की ते ऐकायला बसतात. तिचं कूस बदलणं, घोट घेणं, वॉकर ओढणं. "असं कुणी आपल्याकडं कान लावून बसलं की बाई, श्वास घ्यायचीसुद्धा लाज वाटते," ती मला फोनवर म्हणाली. दोन महिन्यांनी ती स्वतःहून म्हणाली, मला माझ्या घरी जायचंय. भाची चिडली, रडली, आणि आईला हिमायतनगरला सोडून गेली.

परवा गेलो होतो. अक्का स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून गवार मोडत होती, वॉकर शेजारी. कुकर शिट्ट्या देत होता. मी विचारलं, दाजी कसे आहेत? ती हळू आवाजात म्हणाली, "दिवसातून वीसदा विचारतात, हाक मारलीस का? मी कुठली मारते! आधी नाही म्हणायची. पण नाही म्हटलं की त्यांचं तोंड एवढंसं होतं. उभेच राहतात दारात, खरं सांगतेय का खोटं म्हणून. मग आता हौच म्हणते. आले की सांगते, पाणी द्या, नाहीतर ते भांडं सरकवा." तिनं मोडलेली गवार ताटलीत सारखी केली. "तहान तरी किती लागावी माणसाला."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून दाजींचा आवाज आला.

"हाक मारलीस का गं?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही गप्पच होतो.

"हौ," ती म्हणाली, "या."